हवालदारणीला अक्रोड, मला पत्र

१४ एप्रिल

ठमे,

शाळेत तुझ्या बाई म्हणायच्या, पोरीची स्मरणशक्ती दांडगी आहे. त्या बाई भेटल्या तर त्यांना सांगायचंय. तुझ्या प्रयोगशाळेतल्या माकडिणींच्या पणज्यांची रक्तं तुला तोंडपाठ आहेत, पण आपल्या आजीला वाचता येत नाही हे तू विसरलीस.

मी आयुष्यात अक्षर शिकले नाही. दुकानात इस्त्रीला आलेला कुठला शर्ट कुणाचा हे कळावं म्हणून कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालायचे, तेवढंच माझं लिहिणं. वकिलाला हिरवा, दाताच्या डॉक्टरला पिवळा. बाकी घरात जे काही कागदावर येतं ते तुझी आई वाचते आणि मी ऐकते. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, तुझी पत्रं, सगळं. तुझ्या जन्माआधीपासून ही रीत आहे आणि तू याच घरात वाढलीस, माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली झोपून.

तर तू मला पत्र लिहिलंस. पाकिटावर माझं नाव घातलंस आणि वर ‘खाजगी’ असं लिहिलंस. तेही तुझ्या आईनेच वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, “आई, खाजगी आहे म्हणे. वाचू का?”

मी म्हटलं, “वाच की. माझं आता काय खाजगी राहिलंय, गुडघे?”

आणि तिने वाचलं.

काय वाचलं ते तुला माहीत आहे, तूच लिहिलंस. पण तू कागदावर लिहिलंस, मी तिच्या तोंडून ऐकलं, म्हणून पुन्हा सांगते. आईवेगळी वाढलेली माकडाची पिल्लं मोठी झाली की कशी लवकर आजारी पडतात. रक्तात सूज कशी राहते, जराशा आवाजाला ती कशी दचकतात. जन्मतः मिळालेलं कापड तेच असतं पण त्यावर लहानपणी घड्या पडतात, कुठलं जनुक बोलणार आणि कुठलं गप्प बसणार ते त्या घड्या ठरवतात, आणि त्या म्हातारपणापर्यंत दिसतात. ही घड्यांची उपमा तू कुठून उचललीस तेही मला ठाऊक आहे. माझ्या टेबलाखालून. मग पुढे: “तू माझ्या आईला पहिली दोन वर्षं बालगृहात टाकून लांब कामाला गेलीस. तिचा रक्तदाब, तिची साखर, तिची ती सतत कुणीतरी रागावेल अशी भीती, या सगळ्याचं मूळ तू आहेस, आजी.”

विजेचं बिल वाचते त्याच आवाजात तिने हे वाचलं. ‘माझ्या आईला’ इथे थांबली नाही. पान उलटलं, म्हणाली, “पाठपोट लिहिलंय.” आणि पुढचं वाचलं. शेवटी तुझं नावसुद्धा वाचलं. मग ज्या घडीवर कागद दुमडला होता त्याच घडीवर पुन्हा दुमडून पाकिटात घातला आणि म्हणाली, “दूध तापवायचं राहिलंय.”

ओरडली असती, भांडी आपटली असती, मला चार शब्द सुनावले असते तर मी तुझ्यावर एवढी चिडले नसते. तिने मला काही विचारलंच नाही. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःचं रोगनिदान स्वतःच्या आईला वाचून दाखवते आणि दूध तापवायला जाते. माकडाने केलं असतं का हे, तुझ्या?

हे पत्र खालच्या मजल्यावरचे टायपिस्ट लिहून देतायत. निवृत्त आहेत. टाइपरायटरची रिबन आता कुठे मिळत नाही म्हणून हाताने लिहितात. मी ‘नालायक’ म्हटलं की ते ‘अविचारी’ लिहितात, तेव्हा तुला जिथे जिथे ‘अविचारी’ दिसेल तिथे काय समजायचं ते समज.

मी दोन वर्षं कुठे होते आणि का, ते माझं मी बघीन. तुला उत्तर द्यायला मी काही तुझ्या पिंजऱ्यात बसलेली नाही. पण तुझ्या आईला तू आज पत्र लिही. तिला, मला नाही. वर ‘खाजगी’ घाल, आता ते उपयोगाचं आहे.

तुझी आजी,
उर्फ आजाराचं मूळ


६ मे

ठमे,

तुझं उत्तर टायपिस्टांच्या पत्त्यावर आलं. पुन्हा मलाच. पत्ता बदललास, माणूस नाही बदललास.

टायपिस्टांनी सगळं वाचून दाखवलं, सोबतचा छापील कागदसुद्धा. आकड्यांपाशी आल्यावर त्यांचा आवाज एकदम सरकारी होतो. तू म्हणतेस तुला लाज वाटते, तोंड दाखवायची हिंमत होत नाही, आईला काय लिहावं सुचत नाही. तुला सुचत नाही? अख्खं पत्र पाठपोट सुचलं होतं की.

आणि तू लिहितेस की तू स्वतः कुठल्या पिल्लाला आईपासून तोडलं नाहीस, ते तुझ्या आधीच्यांनी केलं, तू फक्त त्यांचं साठवलेलं रक्त तपासतेस. बरं. कसायाने कापलं आणि तू फक्त तागडी धरलीस. मी काही म्हणत नाही, तागडीही कुणीतरी धरावीच लागते.

आता इथलं ऐक. तुझ्या आईने गोळ्या बंद केल्यात.

कसं कळलं ते सांगते. गेल्या आठवड्यात खळीच्या बादलीत हात घातला तर पाणी गुलाबी. मला वाटलं कुणाच्या टॉवेलचा रंग गेला. मग बादलीच्या तळाशी हाताला रवाळ लागलं. तिची रक्तदाबाची गोळी गुलाबी असते. सकाळी माझ्यासमोर हातावर घ्यायची, पाण्याचा पेला घेऊन दुकानात जायची आणि खळीत टाकायची. आपल्या गिऱ्हाइकांच्या कॉलरींचा रक्तदाब सध्या अगदी उत्तम असणार.

मी तिला बादलीपाशी उभी केली. म्हटलं, “हे काय?”

म्हणाली, “आई, चिडू नकोस.”

“मी विचारलं काय, चिडू का नको ते नाही विचारलं.”

मग ती टेबलाच्या कडेला टेकली आणि फार समजूतदारपणे बोलली. मला तिचा तो समजूतदारपणा लहानपणापासून आवडत नाही. म्हणाली, “पायाच कच्चा असेल तर वरून रंग लावून काय होणार? मी वर्षानुवर्षं गोळ्या खातेय आणि आकडा चढतोच आहे. मला वाटायचं माझंच काही चुकतं, मीठ जास्त होतं, चालणं कमी पडतं. आता कळलं ना, ते आधीच ठरलं होतं. खरं सांगू, मला बरं वाटलं गं. सुटल्यासारखं.”

म्हटलं, “कोण म्हणतं ठरलं होतं?”

म्हणाली, “ठमी एवढी शिकली. ती खोटं कशाला लिहील?”

बघ. तुझ्या आईचा तुझ्यावर एवढा विश्वास आहे. तू लिहिलंस म्हणून ती मरायला तयार झाली, आणि तेही मीठ-मसाल्याची तक्रार न करता.

म्हणून मी त्या छापील कागदातलं टायपिस्टांकडून दोनदा वाचून घेतलं. त्यात एका म्हाताऱ्या माकडिणीचं आहे. तिला तुम्ही हवालदारीण म्हणता, कारण ती भांडणं सोडवते आणि दुसऱ्याच्या वाटचं खाते. ज्या पिल्लांच्या आया मेल्या किंवा ज्यांना आयांनी झिडकारलं ती तुम्ही तिच्याकडे सोडता. आधी ती त्यांना एक फटका देते, मग कुशीत घेते. आणि तिच्याकडे वाढलेल्या पिल्लांच्या रक्तात त्या घड्या कमी दिसल्या. सगळ्या गेल्या नाहीत, पण कमी. तूच लिहिलंस हे. मी म्हटलं, सापडलं. हेच तिला लिहायचं.

तर पुढच्याच ओळीत तू त्यावर पाणी ओतलंस: “पण हे माकडांत दिसलं, माणसांबद्दल अजून नक्की सांगता येत नाही.”

ठमे, वाईट सांगायचं होतं तेव्हा तुला माकड आणि तुझी आई एकच दिसली. तेव्हा नाही लिहिलंस नक्की सांगता येत नाही म्हणून. तेव्हा सरळ ‘मूळ तू आहेस’. चांगलं सांगायची वेळ आली की लगेच जिभेला गाठ. हा कुठला न्याय? तुमच्यात सगळे असेच करतात की हे तुझं एकटीचं आहे?

टायपिस्ट म्हणतात, आजी, शास्त्रज्ञांना सावध राहावं लागतं. मी म्हटलं, राहू दे की, पण दोन्ही बाजूंना राहू दे.

आणि एक. हवालदारणीने पिल्लू सांभाळलं की तुम्ही तिला अक्रोड देता, असं त्या कागदात आहे. मी तुझ्या आईला सांभाळलं, मग तुला सांभाळलं. मला तू काय पाठवलंस? पत्र.

तुझ्या आईला लिही.

आजी


२२ मे

ठमे,

टोपणनावाने हाक मारतेय यावरून राग गेला असं समजू नकोस.

तुझी आई दुकानात पडली. पँटवर इस्त्री ठेवलेली आणि ती टेबलाखाली. मला आधी जळल्याचा वास आला, मग ती दिसली. गिऱ्हाइकाची पँट गुडघ्यापाशी आरपार गेली. टायपिस्टांनी गाडी आणली. हॉस्पिटलमधली डॉक्टरीण तुझ्याएवढीच आहे. तिने रक्तदाबाचा आकडा बघितला आणि मग यंत्रच बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. डावा हात अजून जड आहे, पण बोलणं शाबूत आहे. डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “यावेळी थोडक्यात निभावलं. गोळ्या घेतल्या नाहीत तर पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही.”

मी आत जाऊन म्हटलं, “ऐकलंस?”

ती म्हणाली, “पँट कुणाची होती?”

नर्स गोळी देते ती घेते, कारण नर्स तोंड उघडून बघते. घरी आली की पुन्हा खळीची बादली. मी किती पुरणार? माझे डोळे तिच्या हातावर, तिचे माझ्यावर. म्हणून आज मी तुला सांगणार नव्हते ते सांगते. ते तुझ्यासाठी आहे, तिला सांगायचं नाही. टायपिस्टांकडून शपथ घेतली आहे. तुझी इथून घेता येत नाही म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवतेय, नाइलाजाने.

मी कुठल्या मोठ्या घरी कामाला गेले नव्हते. मला क्षय झाला होता.

तुझी आई अंगावर पीत होती. खोकल्यातून रक्त आलं तेव्हा डॉक्टरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, हिला जवळ घेतलंस तर हिलाही होईल. मला टेकडीवरच्या हॉस्पिटलात पाठवलं आणि तिला बालगृहात. तुझ्या आजोबांनी सगळीकडे सांगितलं की बायको लांब एका मोठ्या घरी कामाला गेली, पगार चांगला आहे. दुसरं काय सांगणार? खोकणाऱ्या बाईच्या घरून इस्त्री होऊन आलेला शर्ट तू घातला असतास? मी परत आल्यावरही तेच चालू ठेवलं. दुकान चालायला हवं होतं, आणि पुढे तुझ्या आईचं लग्न व्हायला हवं होतं. मला त्याची लाज वाटत नाही. आजही कुणी विचारलं तर मोठं घर म्हणेन, आणि बागसुद्धा होती म्हणेन.

आता राग कशाचा ते ऐक.

त्या बालगृहात पोरांना उचलायची बंदी होती. रडलं तरी. आजोबा भेटायला जायचे तेव्हा काचेपलीकडून बघायचे. त्यांनी एकदा म्हटलं, जरा घेऊ का तिला, तर तिथली मुख्य बाई म्हणाली, “उचललं की सवय लागते. मोठमोठ्या डॉक्टरांनी पुस्तकात लिहिलंय.” ती काही दुष्ट नव्हती. स्वच्छ होती, वेळेवर बाटली देत होती. तिने पुस्तकातलं केलं. तेव्हाही शिकलेल्यांनीच सांगितलं, ठमे. तुझ्यासारख्यांनी, पांढरा कोट घालणाऱ्यांनी. उचलू नका. आणि आता तुम्हीच माकडांची रक्तं काढून सांगता, अरेरे, का नाही उचललं. मधल्या काळात जी पोरं पडून राहिली त्यांच्याबद्दल तुमच्यापैकी कुणाला पत्र लिहिलंस का तू? नाही. मूळ मी.

मी बरी होऊन आणायला गेले तेव्हा ती बाई मोठ्या कौतुकाने म्हणाली, “फार शांत आहे हो. अजिबात रडत नाही.” रडून कुणी येत नाही हे ज्या पोराला कळलं ते कशाला रडेल? मी उचललं तर अंग असं ताठ, खळ घातलेल्या चादरीसारखं. तोंड दुसरीकडे. घरी आणली तरी तेच. मी जवळ गेले की ती भिंतीला.

पण इस्त्री केलेल्या कपड्यांचा ढीग असायचा ना, गरम, त्याच्याकडे ती सरकायची. गाल टेकायची. माझ्याकडे नाही, ढिगाकडे. तुमच्यातल्या कुणीतरी पिल्लांना तारेची आई आणि कापडाची आई करून दिली होती आणि पिल्लं कापडाला बिलगली, असं तू एकदा सुट्टीत सांगत होतीस. मी कपडे मोजायचं सोडून उठून आत गेले होते. तुला वाटलं आजीला कंटाळा आला.

वकिलाचा एक काळा जाड कोट यायचा. मी तो इस्त्री करायचे, चांगला तापलेला असायचा, तसाच अंगात घालायचे आणि भिंतीला टेकून खाली बसायचे. काही बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. ती यायची, कोटाला गाल लावायची. कोट थंड झाला की उठून जायची. मी पुन्हा इस्त्री करायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा बसायचे. बाकीचे कपडे पडून. तुझे आजोबा म्हणायचे, “हा कोट काय नवऱ्या मुलाचा आहे का?” वकील म्हणायचा, “बाई, कोटावर हा ओला डाग कसला?” मी म्हणायचे, खळीचा, धुऊन देते. लाळ होती.

किती दिवस ते विचारू नकोस, तुला आकडे लागतात पण माझ्याकडे नाहीत. एकदा कोट थंड झाला आणि ती गेली नाही. मला वाटलं झोपली असेल. वाकून पाहिलं तर जागी होती.

बस. एवढंच.

हे तुझ्या छापील कागदात कुठे घालणार? कुठल्या रकान्यात? हवालदारणीला तुम्ही पानभर दिलंय.

मी असं म्हणत नाही की सगळं पुसलं गेलं. इस्त्रीवालीला हे कुणी शिकवू नये. काही घड्या जात नाहीत, कितीही पाणी मारा, कितीही दाबा. तुझी आई अजून दार वाजलं की दचकते, मला ते रोज दिसतं. पण घडी गेली नाही म्हणून कुणी कापड चुलीत घालत नाही. ते घालतात लोक, ऑफिसला जातात, नाचतातसुद्धा. ती गोळी म्हणजे इस्त्रीच आहे, रोजची. उद्या पुन्हा करायचीच असते, म्हणून आज नको असं मी आजवर एकाही गिऱ्हाइकाकडून ऐकलं नाही.

तिला कोटाचं काही सांगायचं नाही. तिला फक्त एवढं लिही की गोळी घे. तू सांगितलंस म्हणून तिने सोडली, तूच सांगायला हवं. आणि नक्की सांगता येत नाही हे वाक्य त्यात आलं तर मी तिकडे येऊन हवालदारणीशेजारी बसेन. आधी एक फटका देईन, तिच्यासारखाच.

आजी


१५ जून

ठमे,

आज अक्षर ओळखीचं वाटत असेल. टायपिस्ट बहिणीकडे गेलेत, म्हणून तुझ्या आईला बसवलं आहे. उजवा हात चालतो, डाव्याने कागद धरते. मी जे सांगीन ते एक अक्षर न बदलता लिहायचं अशी अट आहे.

(बदलणार नाही. पण मला वाटलं तर मध्ये लिहीन, कंसात. आईला कळत नाही.)

काय लिहितेस एवढं? मी अजून काही बोलले नाही.

तर, ठमे. तुझं पत्र आलं. तिच्या नावाने, ‘खाजगी’ घालून. अखेर अक्कल आली, असं वाटलं. मी खुर्ची सरकवली, चष्मा नाही तरी नीट बसले. म्हटलं, वाच. तर ही दारातच उभी राहिली आणि मनातल्या मनात वाचायला लागली. इतक्या वर्षांत या घरात एक कागद माझ्यापासून लपला नाही. आणि ही पान उलटते, पुन्हा मागे जाते, ओठ हलतात पण आवाज नाही. मी विचारलं, “काय म्हणते?” तर म्हणाली, “खाजगी आहे.”

इतका संताप आला मला. अजून आहे.

(मी उभी नव्हते. उंबऱ्यावर बसले होते. आई सांगते तेवढी मी शांत नव्हते, ठमे.)

मग ती आत आली, डब्यातून गोळी काढली, माझ्यासमोर तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली. पन्नाशीची बाई. मी म्हटलं, जिभेखाली बघू. तिने तेही दाखवलं. तेव्हापासून रोज सकाळी हा तमाशा. खळ पुन्हा पांढरी झाली आहे.

मला वाटलं तू साधंच काहीतरी लिहिलं असशील, मी सांगितलं तेवढं. मग परवा ती दुकानात बसून बघत होती, मी इस्त्री करत होते. मीच करते सध्या, हात दुखतात, कुणाला पर्वा नाही. ती मध्येच म्हणाली, “आई, वकिलाचा कोट लोकरीचा होता का?”

माझी इस्त्री हातात राहिली.

म्हटलं, “कुठला वकील?”

म्हणाली, “हिरव्या टाक्याचा.”

तू तिला सांगितलंस. मी नको म्हटलेलं तू सगळं सांगितलंस, क्षय, काच, कोट, लाळसुद्धा. पहिल्यांदा तू विसरलीस, त्यावर मी दोन पत्रं चिडले. यावेळी तू विसरली नव्हतीस, मुद्दाम केलंस, आणि त्यावर काय बोलायचं ते मला अजून ठरवता येत नाही. तोवर चिडलेलीच आहे असं धर. ते सोपं पडतं.

(तिने मला उत्तर दिलं, लोकरीचा, पण आतून अस्तर होतं, म्हणून उष्णता टिकायची. मग बराच वेळ एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होती. मला ते काही आठवत नाही, ठमे. तू विचारलंस म्हणून सांगते. मी डोळे मिटून पाहिलं, कोट नाही, काच नाही. पण गिऱ्हाइकाला कपडे देण्याआधी मी गठ्ठ्याला गाल लावते. नेहमीच लावत आले. मला वाटायचं मी ओल राहिली का ते बघते.)

कंसात किती लिहितेस? अख्खा कागद संपवला. माझ्यासाठी ठेव थोडा.

मी हिला विचारलं, ठमीने माणसांबद्दल नक्की सांगता येतं की नाही, काय लिहिलं शेवटी? तर म्हणे, तू लिहिलंस की नक्की सांगता येत नाही.

म्हणजे फटका तुझा पक्का.

(मला ते आवडलं, ठमे. आधीच्या पत्रात तुला सगळं नक्की माहीत होतं. या पत्रात तुला माहीत नाही, आणि तरी गोळी घे म्हणतेस.)

तू यायचं म्हणतेस. ये किंवा नको येऊ, दार वाजवून ये, एकदम आत शिरू नकोस, हिला दचकायला होतं. टेबलाखाली आता तू मावणार नाहीस, गादी घालू. आलीस की माझ्याशी लगेच बोलायला येऊ नकोस. मी चिडलेली असेन. थोडी भिंतीशी बस.

आणि येण्याआधी एक पार्सल पाठव. खारे पिस्ते नकोत. मागच्या खेपेला पाठवलेस ते हिने रक्तदाबासकट संपवले.

(चार खाल्ले.)

चार मुठी. लिही, चार मुठी. बिस्किटं नकोत, हिला साखर आहे. अक्रोड पाठव, हवालदारणीला देतेस तेच, तिच्या वाटचे काढून घ्यावे लागले तरी चालतील, ती दुसऱ्यांचं खातेच. सोललेले नकोत, कवचासकट हवेत. हिच्या डाव्या हाताला काहीतरी धरायला काम हवंय, आणि आजोबांची जुनी लोखंडी इस्त्री अजून आहे, कवच कितीही जाड असलं तरी फुटेल.